सव्वा मूठ

टेबलावर बशा तीन होत्या आणि खाणारी माणसं चार.

भिला जेवणघराच्या दारातच थबकला. काल संध्याकाळी तो लंडनला पोचला, तेव्हा याच घराच्या मालकीणबाईंनी, पॅजेटबाईंनी, त्याचं नाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा वहीत नीट उतरवून घेतलं होतं. 'न्याहारी आठला, तुम्ही धरून चौघं,' असं बजावलंही होतं. आता आठ वाजले होते. एक पेन्शनर म्हातारा अंडं फोडत होता, सुट्टीला आलेलं एक जोडपं रेल्वेचं वेळापत्रक चाळत होतं, आणि पॅजेटबाई चहाची किटली घेऊन सरळ भिलाच्या अंगावर चालून आल्या. त्यानं अंग चोरलं नसतं तर गरम चहा त्याच्या कोटावर सांडला असता.

"गुड मॉर्निंग," भिला म्हणाला.

कोणी मान वर केली नाही. चौथी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती.

दुसरा कोणी असता तर खुर्ची ओढून बसला असता आणि बाईंना म्हणाला असता, माझी बशी कुठे आहे? पण भिला पडला तापीकाठच्या पाटलाच्या घरचा. प्राण गेला तरी पान मागून घ्यायचं नाही, ही शिकवण. आतडी पिळवटली तरी 'आत्ताच जेवून निघालो' म्हणायचं आणि यजमानानं तीनदा आग्रह केला की मग बसायचं. इथे आग्रह एकदाही झाला नाही. तेव्हा भिलानं टोपी घातली आणि उपाशीपोटी लंडन बघायला निघाला.

हे साल एकोणीसशे तीस. भिला गिरधर पाटील, वय बावीस, शहाद्याच्या अलीकडच्या एका गावातला. शेतकी कॉलेजातली त्याची हुशारी बघून त्याला वर्षभरासाठी विलायतेत पाठवला होता. योजना अदलाबदलीची होती. तिकडच्या कॉलेजातला एक गोरा विद्यार्थी इकडे कपाशी शिकायला आला, त्याच्या जागी इकडचा एक तिकडे गेला. गावात ही बातमी कळली तेव्हा भिलाचे थोरले चुलते, घरातले कर्ते छगन आप्पा, पारावर म्हणाले होते, "तेसना एक आपलाकडे, आपला एक तेसनाकडे. बाजारमा बैल बदलतस तशी गोट शे ही." सगळा पार हसला होता.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तिकडे बँका बंद असतात, म्हणून शनिवार-रविवार धरून तीन दिवस सुट्टी. कॉलेज ओस पडलं. भिलानं ठरवलं, एवढं आलोय तर राजधानी डोळ्यांखालून घालू. शुक्रवारी तो स्टेशनवर उतरला आणि पहिली गोष्ट कळली ती ही, की लंडन बघायच्या आधी लंडनच आपल्याला बघतं. त्याच्या सावळ्या रंगावर दहा डोळे फिरत. पोरं बोट दाखवत. एका म्हातारीनं तर थांबून आपादमस्तक न्याहाळलं, लग्नात नवरदेवाला न्याहाळतात तसं. भिला घामाघूम झाला. देवा, ह्या लोकांनी जरा कमी बघितलं तर बरं होईल, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

शनिवारी देवानं ऐकलं.

रस्त्यात एकही डोळा त्याच्यावर ठरेना. आधी त्याला हायसं वाटलं. खिडक्यांमधल्या वस्तू बघत, पुलावर रेंगाळत तो आरामात फिरला. बसमध्ये कंडक्टरनं डावीकडच्या बाईला तिकीट दिलं, उजवीकडच्या म्हाताऱ्याला दिलं, आणि भिलाचा पुढे केलेला हात ओलांडून तो जिना चढून गेला. चुकून राहिलं असेल. उपाहारगृहात तो टेबलाशी पाऊण तास बसला. मुलगी आली, टेबल पुसलं, त्याच्या हाताभोवतीनं फडकं फिरवलं आणि निघून गेली. हेही चुकून असेल?

दुपारी तो एका उंच मनोऱ्यापाशी गेला. वर अरुंद गोल जिना होता, म्हणून शिपाई दहा-दहा माणसं मोजून सोडत होता. भिला रांगेत चौथा. शिपाई प्रत्येकाच्या खांद्यावर बोटानं टिचकी मारून मोजत आला, एक, दोन, तीन. मग बोट भिलाच्या पुढून सरकून मागच्या बाईच्या खांद्यावर पडलं. "चार." दहा झाल्यावर त्यानं साखळी लावली. वर पोचल्यावर भिलानं स्वतः मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं. अकराच. उतरल्यावर खालच्या शिपायानं दहा मोजून घेतले आणि फाटक लावलं. भिला आत राहिला. लोखंडी फाटकाला हात घालून त्यानं "अहो, ओ साहेब," म्हणून हाक मारली. शिपाई दोन हात अंतरावर उभा राहून शिट्टी वाजवत होता. शेवटी भिला फाटकावरून उडी मारून बाहेर आला. भर दुपारी, शंभर माणसांसमोर, कोट फाडून घेत एक काळा माणूस सरकारी फाटक ओलांडतो आणि कोणी 'अरे' म्हणत नाही.

संध्याकाळी पॅजेटबाईंच्या स्वयंपाकघरात त्यानं चोरासारखी डबलरोटी कापून खाल्ली. जन्मात पहिल्यांदा. बाई आत आल्या, त्याच्या समोरच उभ्या राहून अर्धी झालेली रोटी उचलून बघितली आणि स्वतःशी म्हणाल्या, "पुन्हा उंदीर झालेत वाटतं."

भिलाच्या तोंडातला घास तोंडात राहिला. उंदीर! हा शब्द त्यानं कुठे ऐकला होता, ते त्याला लख्ख आठवलं.

आईच्या तोंडून ऐकला होता. लहानपणी, कानबाईच्या रोटाचे गहू मोजताना.

खानदेशात कानबाई कोणाला सांगायला नको. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी नारळाला डोळे, नथ लावून देवी बसवायची, सोमवारी वाजतगाजत तापीत पोचवायची. आदल्या शनिवारी रोटाचे गहू काढतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचे. तान्हं पोर असो की म्हातारा, पुरुष असला की सव्वा मूठ. त्या गव्हाचे रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे. त्यातला कण परक्याच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही. बायका ते गहू निवडतात, दळतात, रोट थापतात, खातातही. पण त्यांची मूठ धरत नाहीत. का, हे कोणी विचारत नाही.

सहा वर्षांच्या भिलानं मात्र एकदा विचारलं होतं, "माय, मूठ मानूसनी, मग वरनी पाव कोनी?"

आईनं सुपातून मान न काढता म्हटलं होतं, "उंदरंसनी!" आणि तोंडाला पदर लावून हसली होती. तेव्हा भिलाचे वडील जिवंत होते, आणि ती हसत असे.

तिचं नाव धनुबाई. पण ते नाव घेणारं आता कोणी उरलं नव्हतं. मानमोडीच्या साथीत नवरा गेला, तेव्हापासून ती 'भिलानी माय'. भिलाच्या आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते, म्हणून याला जाणूनबुजून हलकं नाव ठेवलेलं; असल्या नावावर काळाची नजर पडत नाही म्हणतात. हातात डबलरोटीचा तुकडा धरून भिला विषादानं हसला. माय, नाव भलतंच लागू पडलं गं. काळाचीच काय, कंडक्टरचीही नजर पडेना.

रविवारी शहर चिडीचूप झालं. बँका-पेढ्यांच्या भागात दगडी इमारतींची दारं बंद, पडदे ओढलेले, आणि मैलभर रस्त्यात चिटपाखरू नाही. भिला आपल्याच बुटांचा आवाज ऐकत चालला. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं, की आवाजही येत नाहीये. तो थांबला. टाच आपटली. कुठे काही नाही. दूरवर घंटा वाजत होती, ती मात्र ऐकू येत होती.

घंटेच्या रोखानं तो एका चर्चपाशी गेला. दारातला माणूस प्रत्येकाला हसून गाण्यांचं पुस्तक देत होता. भिलाची पाळी आली तेव्हा त्यानं हातातलं पुस्तक मागच्या माणसाला दिलं. मोठ्या चौकात शेकड्यांनी कबुतरं दाणे टिपत होती. भिला त्यांच्यात घुसला, पळाला, पाय आपटले. एकही उडालं नाही. एका पोलिसाची बाही त्यानं घट्ट धरली. पोलिसानं माशी झटकावी तसा हात झटकला आणि जांभई दिली.

मग भिलाचा धीर सुटला. इंग्रजी सुटली, कॉलेजात कमावलेली शुद्ध मराठी सुटली. चौकाच्या मधोमध उभा राहून तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "मी भिला शे! भिला गिरधर पाटील! आठे उभा शे मी, दखा ना रे मन्हाकडे! कोनी तरी दखा!"

समोरच्या बाकावर एक बाई बाळाला दूध पाजत होती. बाळसुद्धा वळलं नाही.

तो तिथेच पायरीवर बसला, किती वेळ कोण जाणे. ऊन उतरलं. छपरांच्या वर चंद्र दिसू लागला, अर्ध्याहून थोडा मोठा. शेतकऱ्याच्या पोराला पंचांग लागत नाही. अष्टमी उलटलेली. म्हणजे श्रावण लागून नागपंचमी बुधवारीच झाली. म्हणजे आज रविवार, कानबाई बसली. म्हणजे काल शनिवारी, इथे आठ वाजता बशा मांडल्या जात होत्या तेव्हा तिकडे दुपार, आणि ओसरीवर छगन आप्पा टोपलीशी बसून मुठी टाकत होते.

आणि त्याला निघतानाचे आप्पा आठवले.

घरातला कोणी परगावी असला तर त्याचं पागोटं टोपलीशेजारी ठेवून त्याची मूठ धरायची, असा या घराचा रिवाज. धाकटा चुलतभाऊ दगा दोन वर्षं सुरतेला होता, त्याची अशीच धरली होती. भिला म्हणाला होता, माझी टोपी ठेवून जातो. आप्पांनी मान हलवली.

"सुरतनी गोट निराळी भाऊ. तठे रेल्वे जास. तू समिंदर वलांडी जाई ऱ्हायना. समिंदरपल्याड देवीनी नजर पुरत नही. येशी, तापीमा न्हाशी, मंग तुन्ही मूठ. तवलगून नही."

आप्पा दुष्ट नव्हते. याच माणसानं जमिनीचा तुकडा गहाण टाकून भिलाला शिकवलं होतं. पण देवीच्या कामात त्यांना दुसऱ्याचं मत चालत नसे. भिलाला तेव्हा गंमतच वाटली. चार गहू कमी पडले टोपलीत, तर काय आभाळ कोसळणार आहे? आई मात्र दाराआडून सगळं ऐकत होती. गाडी तापीच्या नावेपाशी आली तेव्हा तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, "तठे तुले जेव कोन म्हनी रे भाऊ?"

आता चौकाच्या पायरीवर भिलाला त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. कोणी नाही. घरच्या टोपलीत मूठ पडली नाही, की जगात कुठेच बशी मांडली जात नाही. तो शिकलेला होता, झाडाच्या मुळांतून पाणी कसं चढतं ते त्याला सांगता येत होतं. पण या क्षणी त्याला आपण परत घरी पोचू याची खात्री वाटेना. ज्याला बोटीचा माणूस मोजणार नाही, तो बोटीत चढणार कसा? आणि तापीच्या काठी उतरला तरी तिथली नजर त्याच्यावर ठरेल कशावरून? तो गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखा रडला. रडायला संकोच करायचं कारणच नव्हतं.

सोमवारी सगळं लंडन गावाबाहेरच्या एका माळावर लोटलं. तिथे जत्रा होती, पाळणे, झुले, नेमबाजीची दुकानं. भिला लोंढ्याबरोबर गेला. जायचं कुठे हा प्रश्नच उरला नव्हता. दोन दिवसांची भूक होती, पण कोपऱ्यावरच्या गाडीवरून काही उचलून खायची हिंमत होईना. एका चहाच्या तंबूजवळ तो नुसता उभा राहिला, वास घेत. माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती, नदीतल्या खुंटाला पाणी टाळून जातं तशी.

जत्रेतल्या घड्याळाचे बाराचे टोले पडायला लागले.

आणि भिलाच्या जिभेवर चव आली. गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, गूळ, तूप आणि किंचित करपलेला गव्हाचा रोट. भास म्हणावा, तर दातांत कण अडकल्याचंही कळत होतं. त्यानं आवंढा गिळला. पोटात ऊब उतरली.

"आणि तुम्हाला काय हवं, बाळा?"

तंबूतली जाडजूड चहावाली त्याच्याकडे बघत होती. त्याच्याच कडे. "किती वेळ झाला उभे आहात. पोटात काही गेलंय का नाही? बसा बघू तिथे, बसा."

तेवढ्यात मागून एक पोरगं किंचाळलं, "आई, आई, तो काळा माणूस बघ!" आईनं त्याला दटावलं. दहा माना वळल्या. बोटं उठली. भिला त्या सगळ्या डोळ्यांसमोर हात जोडून उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

महिनाभरानं थोरल्या चुलतभावाचं, प्रेमचंदचं पत्र आलं. प्रेमचंद सात यत्ता शिकलेला, त्यामुळे घरचा पत्रव्यवहार त्याच्याकडे. 'चिरंजीव भिला यास आशीर्वाद. पाऊसपाणी ठीक. तांबडी गाय व्याली.' वगैरे मजकूर झाल्यावर त्यानं लिहिलं होतं:

'यंदा कानबाईला घरात एक प्रकार घडला, तो कळवतो. शनिवारी आप्पांनी सहा मुठी धरल्या. तुझी धरली नाही. रविवारी तुझ्या आईनं, काकूंनी, रोट खाल्ला नाही, पाणीही घेतलं नाही. सोमवारी देवी डोक्यावर घेऊन निघायच्या वेळी काकू उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. विधवा बाईनं त्या वेळी समोर येऊ नये, हे त्यांना माहीत होतं. आप्पा खूप रागावले. काकू एवढंच म्हणत राहिल्या, "सहा नही, सात." वाजंत्री थांबली, दिवस कलायला लागला, गाव जमा झालं. शेवटी आप्पांनी तुझी टोपी आणवली आणि सव्वा मूठ धरली. काकूंनी लगोलग ते गहू दळले, एक रोट भाजला, तुझ्या वाट्याचा म्हणून स्वतः खाल्ला, मग वाट सोडली. तेव्हा शाळेच्या घड्याळात साडेचार वाजून गेले होते.'

भिलानं हिशेब करून बघितला. तिकडे साडेचार तेव्हा इकडे बारा. त्यानं पत्र घडी करून ठेवलं.

पुढच्या आषाढात तो परत आला. नंदुरबार स्टेशनवर दगा गाडी घेऊन आला होता. आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे भिला तापीत न्हाला, मग घरात पाऊल टाकलं. गाव लोटलं. घड्याळ दाखव, इंग्रजीत बोलून दाखव. आई माजघराच्या दाराशी उभी होती. त्याला वाटलं होतं ती धावत येईल. ती गर्दी पांगेपर्यंत तिथेच उभी राहिली.

पहिले दोन दिवस त्याच्या काही लक्षात आलं नाही. इतकी वर्षं जे बघितलं होतं, तेच होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी बायका जेवायला बसल्या. प्रेमचंदची बायको, शांतीबाई, भाकरी वाढत होती. जावेला वाढली, मुलींना वाढली, दळायला आलेल्या बाईला वाढली आणि टोपलं रिकामं करून उठली. भिलाची आई चुलीच्या कोपऱ्यात बसलेली. तिनं तव्यावरचा करपलेला तुकडा काढून घेतला आणि खाऊ लागली. शांतीबाई काही वाईट मनाची नव्हती. ती फक्त विसरली होती.

भिला ओसरीवरून बघत होता.

मग तो बघतच सुटला. मोहिद्याहून पाहुणे आले, त्यांनी घरात कोण कोण आहे विचारलं. आप्पांनी गडीमाणसांपासून वासरापर्यंत सगळ्यांची नावं घेतली आणि थांबले. आई तेव्हा पाहुण्यांच्याच पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवत होती. पाहुण्यानं तांब्या उचलला. तांब्या ठेवणाऱ्या हाताकडे त्याची नजर गेली नाही. पोरं तिच्या अंगावरून धावत जात आणि ती अंग चोरून घेई. तसं अंग चोरणं भिलाला चांगलं ठाऊक होतं. पॅजेटबाईंच्या किटलीपासून त्यानं तसंच चोरलं होतं. तीच नजर होती ही. पोलिसाची, कंडक्टरची, मनोऱ्याच्या शिपायाची. विलायतेत त्यानं ती तीन दिवस सोसली आणि चौकात बसून रडला. इथे ती त्याच्या स्वतःच्या घरात वावरत होती. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं त्याचीही नजर दुसरी काय होती?

संध्याकाळी ती परसात तुरीच्या काड्या मोडत होती. तो जवळ जाऊन बसला.

"माय, तुले कोनी जेव म्हनत नही?"

"घरना मानूसले कोन म्हनस रे?" ती हसली. "मी काय पाव्हनी शे?"

"कवयपासून असं शे?"

तिनं मोडलेल्या काड्या गोळा केल्या. "तुन्हा बाप गया तवयपासून. जाऊ दे भाऊ. पहिले पहिले मीबी आरडायनू मनमा. मंग सवय हुई जास."

भिलाला लंडनचं सगळं सांगायचं होतं. कबुतरांचं, फाटकाचं, घड्याळाच्या बारा टोल्यांचं. पण हिला काय सांगायचं होतं त्यातलं नवीन?

त्या साली अधिक महिना आल्यानं श्रावण उशिरा लागला. कानबाईच्या शनिवारी दुपारी ओसरीवर टोपली मांडली. आप्पा बसले खरे, पण पहिल्याच मुठीला त्यांचा हात थरथरला आणि गहू बाहेर सांडले. त्यांनी वर बघितलं.

"भिला, यंदा तू धर रे. मन्हा हात कापस."

प्रेमचंद थोरला असताना मान धाकट्या पुतण्याला. आणि समुद्र ओलांडून आलेल्याला. आप्पांनी आपल्या परीनं गेल्या वर्षाची भरपाई केली होती, हे सगळ्यांना कळलं. भिलानं त्यांच्या पायांना हात लावला आणि टोपलीशी बसला.

"छगन." सव्वा मूठ.

"प्रेमचंद." सव्वा मूठ. "दगा." मग प्रेमचंदचे तीन मुलगे, धाकटा रांगत टोपलीकडेच येत होता त्याला शांतीबाईनं मागं ओढलं. "भिला." सात झाल्या. शांतीबाई टोपली उचलायला वाकली.

भिलानं पुन्हा पोत्यात हात घातला.

"आते कोनी?" आप्पांनी विचारलं.

"मन्ही मायनी."

कोणी तरी हसलं. आप्पांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "येडा हुयना का? बायासनी मूठ ऱ्हास नही."

"गया साले सातवीबी नव्हती आप्पा. मंग हुयनी."

"ती गोट निराळी."

"निराळी नही."

मूठ टोपलीवर तशीच होती. बोटांच्या फटीतून चार-दोन दाणे निसटत होते. आप्पांनी पुतण्याच्या तोंडाकडे बघितलं. या पोराच्या चेहऱ्यावर त्यांना असं काही तरी दिसलं की त्यांचा आवाज खाली आला. "बरं," ते म्हणाले, "इतलं मनमा शे ते पाव धर तिनी. मूठ नको."

"सव्वा," भिला म्हणाला.

आप्पांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि हातानं 'कर' अशी खूण केली.

रिवाजाप्रमाणे नाव घ्यायला हवं होतं. भिलानं नाव घेतलं, मोठ्यानं, ओसरीपासून परसापर्यंत जाईल असं.

"धनुबाई."

मागच्या दाराशी सूप घेऊन बसलेल्या त्याच्या आईनं मान वर केली. सगळं घर तिच्याकडे बघत होतं. तिनं सूप खाली ठेवलं आणि आपल्या मागे कोण येऊन उभं राहिलंय, ते वळून पाहिलं.